जुना ऑटोपायलट पुन्हा चालू करताना

ही यादी शिडाच्या बोटीचं चाक आपोआप धरणाऱ्या, चाकावर बसणाऱ्या जुन्या ऑटोहेल्म एसटी-४००० ऑटोपायलटसाठी आहे. चाकाला जोडलेलं गोल ड्राइव्ह, कॉकपिटमधलं बटणांचं हेड आणि आत कुठेतरी भिंतीवर स्क्रूने बसवलेला फ्लक्सगेट (इलेक्ट्रॉनिक) कंपास, असे त्याचे तीन भाग. टिलरवर (चाकाऐवजी असणाऱ्या सुकाणूच्या दांड्यावर) लागणाऱ्या बऱ्याच पायलटचा कंपास त्यांच्या पोटातच असतो, त्यामुळे त्यांना काही गोष्टी लागू नाहीत. सुटे भाग शोधायचे तर तिन्ही नावांनी शोधा: मूळची ऑटोहेल्म १९९० मध्ये रेथिऑनकडे गेली आणि २००१ पासून नाव झालं रेमरीन. माल तोच, शिक्का वेगळा.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी कंपास कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या मीटरभर परिसरातलं सगळं सामान बाहेर काढा. या कामाच्या माझ्या मागच्या यादीत नेमकी हीच पायरी राहून गेली होती. जुन्या बोटीत हा कंपास बंकखालच्या (झोपायच्या फळीखालच्या) लॉकरमध्ये किंवा कपाटामागच्या भिंतीवर असतो. दिसत नाही म्हणून लोक तिथेच टूलबॅग, पत्र्याचे डबे आणि लोखंडी तवा कोंबतात. फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमधला छोटा गॅस सिलिंडरही लोखंडीच असतो. स्पीकरमध्ये तर सरळ चुंबक. तो भिंतीच्या पलीकडे असला म्हणून सुटका नाही, प्लायवूड चुंबकाला अडवत नाही. चाकासमोरचा स्टिअरिंग कंपासही चुंबकच, त्याच्यापासून किमान ८० सेंटिमीटर अंतर हवं.

आता वीज. पावसाळाभर बंद असलेल्या बोटीत दहापैकी नऊ वेळा इथेच घोळ असतो. बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्टला पूर्ण, १२.२ ला अर्धी. पण बॅटरीवरचा आकडा बघून समाधान मानू नका. हेडच्या मागे जिथे वायर घुसते तिथे मल्टिमीटर लावा आणि मोटर जोर लावत असताना मोजा: एकाने चाक हाताने धरून ठेवायचं, दुसऱ्याने पायलट लावून +१० (१० अंश उजवीकडे) दाबायचं. बॅटरीपासून हेडपर्यंत ६ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं झालं. १ स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये १० अँपिअरला त्यात २ व्होल्टच्या वर जळतात. ४ स्क्वेअर एमएमला अर्धा व्होल्ट. मोकळ्या चाकावर तक्रार नसते. लाट आली, मोटरने जोर काढला की स्क्रीनवर ‘लो बॅट’, आणि लोक नवी बॅटरी आणायला धावतात.

वायरचं आवरण टोकाशी सोलून बघा. तांबं काळं असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा; हातभर कापूनही काळंच असेल तर वायर बदला, तीही टिन चढवलेलीच आणा. नुसता सोल्डरचा डाग देऊन भागवू नका, बोटीच्या थरथरीत तो डागाच्या कडेलाच तुटतो. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी. निगेटिव्हही तपासा! पॉझिटिव्ह साफ करून सगळे थांबतात आणि निगेटिव्हचा बसबार (सगळ्या वायरी जोडायची पट्टी) हिरवा पडलेला तसाच राहतो. काचेच्या फ्यूजचा होल्डर असेल तर आतली स्प्रिंग गंजलेली असते, होल्डरच बदला. फ्यूज मॅन्युअलात दिलेल्या अँपिअरचाच घाला.

हेडची स्क्रीन फिकट किंवा डागाळलेली असेल तर चालवून घ्या. आत वाफ धरत असेल तर उघडून सावलीत वाळवा.

ड्राइव्हची मोटर आधी वेगळी तपासा. तिच्या दोन वायरी हेडवरून काढा, मध्ये फ्यूज घालून सरळ १२ व्होल्ट द्या. ड्राइव्ह फिरायला हवं, वायरी उलट केल्या की उलट फिरायला हवं. मोटर गुंगुं करते पण ड्राइव्ह जागचं हलत नाही, तर आतला दातेरी पट्टा तुटलाय किंवा घसरतोय. उघडल्यावर काळी भुकटी दिसली तर पट्टा झिजतोय. गोड्या पाण्याने धुवा, ब्रशने मीठ काढा. पट्ट्याला ग्रीस नको, प्लास्टिकला थिनर नको: एकाने पट्टा घसरतो, दुसऱ्याने प्लास्टिक तडकतं. ड्राइव्ह चाकाशी जोडणाऱ्या क्लचचा लिव्हर पूर्ण बसवूनही चाक हाताने फिरत असेल तर ताण वाढवावा लागेल, त्याची सोय क्लचजवळच असते. जास्त आवळू नका. ड्राइव्हला चाकाबरोबर गरगर फिरण्यापासून अडवणारी पिन आणि तिचा कंस हलवून बघा. ती सैल असली की पायलट आधी स्वतः फिरतो, मग चाक फिरवतो, आणि बोट सापासारखी जाते.

पुन्हा कंपास. त्याच्या वायरी हेडवरून काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. काही ओहम दाखवला तर ठीक, मीटर अनंत दाखवत असेल तर आत किंवा वाटेत कुठेतरी तुटलंय. मग हेडिंगचा आकडा स्क्रीनवर आणा. बोट घट्ट बांधलेली हवी, पाणी शांत हवं. आता एकजण आकड्यावर नजर ठेवून बसेल आणि दुसरा एकेक बटण चालू-बंद करेल: दिवे, बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसणारा), फ्रिज, व्हीएचएफ रेडिओ. बोट हलली नाही आणि आकडा ३-४ अंशांनी सरकला, तर त्या यंत्राची वायर कंपासच्या फार जवळून जातेय. डीसी करंट वाहणारी प्रत्येक वायर भोवती चुंबकीय क्षेत्र तयार करते. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला बिनलोखंडाच्या इमारतीत नवी वेधशाळा उभारावी लागली. तुमच्या बोटीत कंपासपासून वीतभर अंतरावर फ्रिजची वायर जाते. ती लांबून न्या. ते जमत नसेल तर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकमेकांना पीळ घालून न्या, दोघांची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खोडतात.

त्यानंतर काढून ठेवलेलं सामान एकेक करून परत ठेवा आणि प्रत्येक वेळी आकडा बघा. ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणूनच टाळली जाते. टूलबॅग ठेवल्यावर आकडा सरकला तर टूलबॅगची जागा बदलली, कायमची. ॲल्युमिनियमचे कॅन चालतात, पत्र्याचे डबे नाही. लॉकरच्या दारावर आतून पक्क्या मार्करने लिहा: इथे लोखंड ठेवू नये.

धक्क्यावरच दिशेची खात्री करा. ‘ऑटो’ लावून +१० दाबलं की चाक उजवीकडे फिरायला हवं. डावीकडे फिरलं तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल. उलट दिशा ठेवून समुद्रात गेलात तर पायलट चूक सुधारण्याऐवजी वाढवत नेतो आणि बोट गोल फिरते.

मग डेव्हिएशनसाठी, म्हणजे बोटीतल्या लोखंडामुळे कंपासला येणारी चूक मोजण्यासाठी, गोल फेऱ्या. सामान सफरीला असणार तिथेच, तसंच असताना. रिकाम्या बोटीवर फेऱ्या मारून नंतर नांगराची साखळी, जॅक आणि पत्र्याचे डबे आत भरले तर केलेलं कॅलिब्रेशन फुकट. उधाणाचे दिवस टाळा, भांगात (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) जा, वारा पडलेला असताना, मोकळ्या पाण्यात, फेरीबोटींच्या वाटेपासून दूर. इंजिनवर हळू, एक फेरी दोन मिनिटांपेक्षा कमी वेळात नको. अशा किमान दोन फेऱ्या. वेग जास्त झाला तर स्क्रीन स्वतः सांगते. शेवटी डेव्हिएशनचा आकडा येईल. १५ अंशांपेक्षा जास्त असेल तर ‘चालतंय’ म्हणू नका: कंपासजवळ लोखंड राहिलंय. पुन्हा लॉकर उघडा. सामान खरंच नसेल तर कंपासची जागा बदला, आणि फेऱ्या परत. मग हेडिंग जीपीएसशी ताडून जुळवा; मुंबईच्या पाण्यात डेक्लिनेशन (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला फरक) जवळपास शून्य आहे, त्यामुळे खरी आणि चुंबकीय उत्तर यांचा हिशेब करत बसावं लागत नाही. भरतीची ओढ मात्र जीपीएसचा कोर्स फिरवते, पाणी थांबलेलं असतानाच ताडा.

रडर गेन (पायलट चाक किती जोराने फिरवतो ते) ५ वर ठेवून सुरू करा. नेहमीच्या वेगात +१० चार वेळा. बोट ४० अंश वळून ५ अंशांहून पुढे जाऊन परत येते, गेन कमी करा. रेंगाळत वळते, वाढवा. बस.

शिडावर: मेन (मोठं शीड) वेळेत रीफ करा, म्हणजे लहान करा. बोट सतत वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघत असेल तर ते भांडण पायलट बॅटरीच्या जिवावर लढतो. एरवी सरासरी १ ते दीड अँपिअर धरा, रात्रभराचे १५ अँपिअर-अवर तरी. एचएफ (लांब पल्ल्याच्या) रेडिओच्या लहरींनी पायलट गोंधळू शकतो, म्हणून त्यावर बोलताना चाकाशी माणूस हवा. खिशात फोन घेऊन कंपासवरच्या बंकवर झोपू नका. बोटीवरच्या प्रत्येकाला ‘स्टँडबाय’ (पायलट सोडवणारं बटण) आणि क्लचचा लिव्हर अंधारात हाताने सापडायला हवा. मासेमारीच्या जाळ्यांच्या पट्ट्यात पायलट बंद. जादा फ्यूज, एक पट्टा, क्रिंपर आणि मीटर बरोबर घ्या. क्रिंपर लोखंडी आहे, कुठे ठेवायचा नाही ते वर आलंय.