हळदीचा डाग लाल झाला तर घाबरू नका

पांढऱ्या शर्टवर आमटी सांडली की कपडा उलटा करून डाग गार पाण्याच्या धारेखाली धरा. खसाखसा चोळू नका, हळद आणखी मुरते. फोडणीचं तेल असतंच, म्हणून भांड्यांचं लिक्विड लावा. साबणाने डाग लालभडक होऊ शकतो. होऊ द्या. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य अल्कलीत, म्हणजे साबण-चुन्यासारख्या क्षारयुक्त पदार्थात, लाल होतं (हळदीला चुना लावून कुंकू करतात ते यामुळेच) आणि साबण निघून गेला की परत पिवळं. उरलेला पिवळेपणा घालवायला ऊन हवं, कारण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. कपडा ओलाच, डाग वर करून दुपारी वाळत टाका. सुती कापडाला हा उपाय उत्तम. रेशमी साडी मात्र सरळ ड्रायक्लीनला द्या. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका.