मेनफ्रेमवरील पोर्टचे श्रेय कसे नोंदवावे
हिंजवडीत मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य संगणकांवर, काम करणाऱ्यांनी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर झेड/ओएस या आयबीएमच्या मेनफ्रेम कार्यप्रणालीवर आणताना (म्हणजे 'पोर्ट' करताना) मूळ लेखकांची कॉपीराइट सूचना आणि परवाना जसाच्या तसा ठेवावा. पोर्ट करणाऱ्याचे काम मात्र वेगळे दिसले पाहिजे. आस्की या अक्षरांना अंक देणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत हेक्साडेसिमल ४१ असलेले इंग्रजी 'ए' मेनफ्रेमवरील एब्सिडिक पद्धतीत सी१ होते, आणि अक्षरे आस्कीतच असतील अशी कोडमध्ये दडलेली गृहीतके शोधून काढणे खरोखर कष्टाचे असते. दुसऱ्याचा पॅच (कोडमधील बदल) लावताना गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात 'ऑथर' म्हणून त्याचेच नाव द्यावे. आपले नाव 'कमिटर' म्हणून आपोआप नोंदले जाते. आधीचे प्रयत्नही रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहावेत. उदाहरणार्थ, आयबीएमने डिसेंबर १९९९ मध्ये एस/३९० या आपल्या मेनफ्रेमसाठी लिनक्सचे पॅच प्रसिद्ध केले, परंतु त्यापूर्वीच प्रोग्रामर लिनास वेप्स्टास यांनी 'बिगफूट' हा स्वतंत्र पोर्ट सुरू केला होता. तो पुढे थांबला म्हणून त्याचा उल्लेख गाळणे मला अन्यायाचे वाटते.