स्पीकर स्टँडमध्ये वाळू भरताय? या चुका टाळा

पोकळ लोखंडी स्टँडच्या खांबावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. ‘टण्ण’ वाजून आवाज रेंगाळला, तर गाणं चालू असताना तो खांबही सोबत गुणगुणत असणार. त्याचा सूर बहुतेकदा माणसाच्या आवाजाच्या पट्टीतच पडतो, म्हणून गायकाचा गळा आणि पेटी थोडी गढूळ ऐकू येते. आत कोरडी वाळू असली की कण एकमेकांवर घासतात, कंपनं त्या घर्षणात जिरतात आणि टकटकीला नुसतं ‘ठक्’ उत्तर मिळतं. काम तासाभराचं दिसतं. ते तासाभरातच उरकायच्या नादात बहुतेक स्टँड वाया जातात.

सगळ्यात मोठी चूक ओली वाळू. सोसायटीशेजारी बांधकाम चालू असतं, वॉचमनला सांगून बादलीभर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वर येते, हाताला कोरडी लागते आणि थेट खांबात जाते. सिंहगड रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये जुलैत असंच झालं. दिवाळीच्या साफसफाईला स्टँड हलवला, तर पांढऱ्या टाइलवर तळपट्टीच्या मापाचा तांबूस चौकोन उमटलेला. तळाचे बोल्ट गंजून जाम, आतली वाळू ढेकूळ झालेली. सळई घालून खरवडली तरी निम्मी आतच. शिवाय खांब वरून बराच रिकामा! त्याचं कारण साधं आहे: चार-पाच टक्के ओलाव्यानेही बारीक वाळू सहज पाव हिस्सा फुगते आणि सुकली की खाली बसते. ओले कण एकमेकांना चिकटून राहतात, घासत नाहीत. म्हणजे गंजही आला आणि टण्णही गेलं नाही.

म्हणून वाळू आधी रव्याच्या चाळणीने चाळायची. वरचे खडे टाकून द्यायचे, मग मैद्याच्या चाळणीतून खाली पडणारी भुकटीही टाकायची. क्रश सँडमध्ये ती भरपूर असते आणि प्रत्येक फटीतून गळते. चाळताना तोंडाला मास्क हवाच. नंतर लोखंडी कढईत दोन-दोन किलोचा घाणा मध्यम आचेवर वीस मिनिटं, सतत हलवत. वर स्टीलचं थंड ताट धरा; ताटावर वाफ जमली तर अजून दहा मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय भरायची नाही. ‘उन्हात वाळवली की झालं’ हे एप्रिलपुरतं ठीक, पावसाळ्यात नाही. एवढा उपद्व्याप नको असेल तर वॉटर फिल्टरसाठी मिळणारी धुतलेली सिलिका वाळू आणा, पण तीही एकदा तापवाच. कोकणातून पिशवी भरून आणलेली समुद्राची वाळू मात्र अजिबात नको; तिच्यातलं मीठ लोखंड खातं.

दुसरी चूक, तळ न बुजवता ओतणं. बोल्टची भोकं, वायरचं भोक, वेल्डिंगमधल्या बारीक फटी, सगळीकडून वाळू येते आणि महिनाभर पायाला कचकच लागते. फटींना आतून सिलिकॉन सीलंट लावा आणि चोवीस तास हात लावू नका. त्याहून बरी सवय म्हणजे प्लास्टिकच्या दुकानात वजनावर मिळणारी जाड पॉलिथिनची नळी. ती खांबापेक्षा थोडी रुंद घ्या, खालचं तोंड दुमडून बांधा, आत सोडा आणि मग भरा. वाळू पत्र्याला घट्ट टेकते आणि स्टँड विकायचा झाला तर पिशवी सरळ बाहेर येते. वायर खांबातून जाणार असेल तर आधी इलेक्ट्रिकची पीव्हीसी पाइप उभी करा. भरल्यावर वायर सरकत नाही.

किती भरायची? आतला व्यास ७५ मिलिमीटर आणि उंची ६० सेंटिमीटर असेल तर काठोकाठ सव्वाचार किलो बसते. दोन तृतीयांश पुरते, म्हणजे पावणेतीन-तीन किलो. चार हप्त्यांत ओता, प्रत्येक वेळी रबरी हातोडीने खांब ठोका. दोन्ही स्टँडची वाळू किचनच्या काट्यावर मोजून सारखी घ्या. कंपनीने वजनाची मर्यादा दिली असेल तर ती पाळा, आणि भरलेला स्टँड वरची प्लेट धरून उचलू नका.

तांदूळ भरू नका, सोनकिडे होतात. शिशाच्या गोळ्या विषारी, घरात कशाला? सिमेंट ओतलं की परतीचा रस्ता बंद. दरवाजाच्या चौकटीत मारतात तो फोम हा तर उतावळ्यांचा लाडका उपाय: एवढ्या खांबात त्याने शंभर-दीडशे ग्रॅमही वजन वाढत नाही आणि टण्णचं फार तर टन्न होतं.

भरूनही टण्ण उरलं तर बहुधा वरची प्लेट वाजत असते. तिच्या खालच्या बाजूला गाडीच्या दारात लावतात ती ब्यूटाइलची शीट चिकटवा, आणि स्पीकरच्या चार कोपऱ्यांखाली वाटाण्याएवढा ब्लू-टॅक, म्हणजे पोस्टर चिकटवायची मऊ निळी लांबी. तळाचे स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, गुळगुळीत टाइलवर घसरतात, टवकेही काढतात. खाली पितळी वाट्या द्या आणि चारही टेकले आहेत ना, ते स्टँड हलवून बघा. एक जरी अधांतरी असला तर आतली सगळी वाळू फुकट.