शाळकरी मुलांना ब्लूज शिकवायचे तर

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेले संगीत. तिथल्या मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावात १९७९ साली स्थापन झालेले डेल्टा ब्लूज म्युझियम आज रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत आहे, आणि शाळा सुटल्यावर गावातली मुले तिथे गिटार, बास, ड्रम शिकायला येतात. २०२२ साली ग्रॅमी मिळवणारा क्रिस्टोन ‘किंगफिश’ इनग्रॅम याच वर्गात शिकलेला आहे. अशा वर्गासाठी निधी उभा करणाऱ्या संस्थेने सर्वांत आधी शिक्षकाच्या मानधनाची तरतूद करावी, कारण वाद्ये उसनी मिळू शकतात. पण कार्यक्रमांतून वर्षानुवर्षे वाजवलेला आणि मुलांमध्ये रमणारा स्थानिक कलाकार फुकटात फार दिवस टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

पहिल्या दिवशी गिटार हातात देऊ नये. फळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये एक तार ताणावी, तारेखाली एका टोकाला बाटली सरकवून ती घट्ट करावी आणि दुसरी बाटली तारेवरून घासत नेत मुलांना सूर शोधू द्यावा. डेल्टातल्या, म्हणजे मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागातल्या, गरीब घरांतली मुले भिंतीवर झाडूची तार ठोकून असेच वाद्य करत असत. बाटली सरकताना कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला जो सूर लागतो, तोच ब्लूजचा प्राण आहे. पियानोच्या पट्ट्यांवर तो नाही, त्यामुळे तो सांगून समजत नाही, कानानेच पकडावा लागतो. धानी रागाचे पाच स्वर ज्या मुलांच्या कानावर आहेत, त्यांना ही वाट लवकर सापडते.

त्यानंतर बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा साचा टाळ्यांवर पक्का करावा: प्रत्येक बारमध्ये चार ठोके आणि गाण्याच्या प्रत्येक ओळीला चार बार. ई पट्टीत ई, ए आणि बी एवढ्या तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या तीन गटांवर, सगळे निभावते. पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचे, हे कळले की मुलांकडून स्वतःची ओळ लिहून घ्यावी. बस चुकली, वही हरवली, आजी गावी गेली, कोणताही विषय चालतो. मात्र शिक्षकाने ती ओळ सुधारून ‘चांगली’ करू नये. गाणारा ओळ संपवून थांबला की उरलेल्या जागेत वाद्याने बोलायचे असते, आणि ती जागा मोकळी ठेवायला शिकणे मुलांना सर्वांत जड जाते.

कापसाच्या मळ्यांवरची वेठ, वाटेकरी कुळांची कर्जे आणि वंशभेदाचे कायदे यांच्याविषयी वयाला झेपेल इतके, पण खरे सांगावे. तो इतिहास वगळून नुसता ठेका शिकवणाऱ्या वर्गाला मी ब्लूजचा वर्ग म्हणणार नाही.

सत्राअखेर पालकांसमोर कार्यक्रम ठेवावा, आणि त्यात नव्या मुलाशेजारी बासवर जुना विद्यार्थी उभा करावा, म्हणजे मधेच साचा सुटला तरी त्याच्या बोटांकडे पाहून मूल पुढच्या बारला पुन्हा सामील होते.