बोडीतले रोटिफर मोजताय? या चुका टाळा

भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्यांना, म्हणजे लहान तळ्यांना, तोटा नाही. त्यामुळे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात बोडीच्या पाण्यातले रोटिफर हे सूक्ष्म प्राणी दरवर्षी हजर असतात आणि तक्त्यावर निष्कर्षही ठरलेला असतो: 'मोठी जात लहान जातीला हटवते.' थांबा जरा.

पहिली गडबड गाळतानाच होते. मी स्वतः सुरुवातीला मच्छरदानीचा तुकडा वापरला होता. हाती शेवाळाचे धागे आणि दोन पाणकिडे आले. ब्रॅकिओनस हा रोटिफर जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, तो त्या भोकांतून आरामात निसटतो. सुमारे 50 मायक्रॉनची जाळी घ्या.

दुसरी चूक जास्त फसवी. ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस कधी मागे लांब काटे घेऊन दिसतो, कधी बिनकाट्याचा. पोरं लगेच दोन जाती लिहून मोकळी होतात. खरं म्हणजे त्याला खाणारा अ‍ॅस्प्लांक्ना (तोही रोटिफरच!) पाण्यात असला, की या शिकाऱ्याच्या अंगातून सुटणाऱ्या रसायनामुळे ब्रॅकिओनसच्या अंड्यांतून काटेवाली पिल्लं निघतात. आईला मात्र काटे फुटत नाहीत. शंका असेल तर काटेवाली मादी शिकारी नसलेल्या हिरव्या पाण्यात वेगळी ठेवा. दोन-तीन दिवसांत लेकी बघा, बहुधा काटे तोकडे किंवा नाहीतच. लांबीही काटे सोडून, नुसत्या कवचाची मोजा.

आता निष्कर्षाकडे. रशियन जीवशास्त्रज्ञ गॉझने 1934 मध्ये पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकत्र वाढवल्या, तेव्हा लहान ऑरेलिया टिकली आणि मोठी कॉडेटम संपली. रोटिफरमध्ये सगळा खेळ चाऱ्याचा आहे: मोठ्या जातींना तग धरायलाच जास्त शैवाल लागतं. पाणी हिरवंगार असलं की त्या भराभर वाढतात, निवळलं की लहान जाती वरचढ.

आणि मासे विसरू नका. ब्रूक्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये अमेरिकेतल्या एका तळ्याचं दाखवलं: तिथे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाणारे मासे आल्यावर मोठे प्राणिप्लवक नाहीसे झाले, लहान उरले. डॅफ्निया हा मोठा प्राणिप्लवक गेला की त्याच्याच चाऱ्यावर जगणाऱ्या रोटिफरचं फावतं. आमच्या एका गटाची आकडेवारी अशीच एकदम उलटी झाली, तेव्हा पोरं सूक्ष्मदर्शकाला दोष देत होती. बोडीत मासेमारी करणाऱ्या ढिवर काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "सर, कटल्याची बोटुकली तं पंधरा दिवसाआधीच सोडली ना आम्ही!" कटला हा प्लवक खाणारा मासा.