डोळे दिपत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका

उत्तरायणाच्या, म्हणजे मकरसंक्रांतीच्या दिवशी बडोद्यातील मराठी कुटुंबेही सकाळपासून पतंग उडवायला गच्चीवर असतात आणि संध्याकाळी मुले डोळे चोळत खाली उतरली, तर ‘जानेवारीचे ऊन कोवळे असते, त्याने काय होणार?’ असे म्हणून विषय संपवला जातो. पहिली चूक येथेच होते. १४ जानेवारीला बडोद्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर, म्हणजे नेमका पतंगाच्या दिशेला असतो. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा निदान भुवईची सावली तरी डोळ्यांना मिळते. हिवाळ्यात अतिनील किरण कमी असतात हे खरे, पण वर पाहणाऱ्या डोळ्यांत ते थेट शिरतात. म्हणून पुढे कड असलेली टोपी घालावी आणि शक्यतो सूर्याकडे पाठ करून पतंग उडवावा.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती काळजीपोटीच होते. रस्त्यावरचा स्वस्त गॉगल जितका काळा तितका चांगला, असे समजून तो मुलांना घेऊन दिला जातो. काच काळी झाली की उजेड कमी भासतो, बाहुली मोठी होते, आणि काचेत अतिनील किरण अडवण्याची सोय नसेल तर ते अधिक प्रमाणात आत जाऊ शकतात. त्यापेक्षा उघडे डोळे बरे, कारण ते निदान मिचकावले तरी जातात. मुलांच्या डोळ्यांतील भिंग प्रौढांपेक्षा पारदर्शक असल्यामुळे त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत हे किरण जास्त पोहोचतात. खरेदी करताना ‘यूव्ही ४००’ पाहावे, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील (यूव्ही) किरण अडतात. नुसते ‘पोलराइज्ड’ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ परावर्तित झळाळी कमी होते एवढाच. छापील चिठ्ठीवर विश्वास नसेल, तर यूव्ही मीटर असलेल्या चष्म्याच्या दुकानात काच तपासून घ्यावी. चौकट मात्र बाजूंनीही डोळे झाकणारी हवी. स्कूटरवर जाताना ओढणीने सारा चेहरा बांधून डोळे तेवढे उघडे ठेवण्याची आपल्या शहरातील पद्धत त्वचेला उपयोगी असली, तरी डोळ्यांना नाही.

ढगाळ हवेतही गॉगल लागतो, कारण पातळ ढगांतून बरेच अतिनील किरण खाली येतात.

उजेड कमी म्हणजे धोका नाही, ही फसगत ग्रहणात टोकाला जाते. २ ऑगस्ट २०२७ रोजी संध्याकाळी पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, अर्थात पावसाने उघडीप दिली तर. त्या वेळी गॉगल, जुनी एक्स-रे फिल्म किंवा परातीतल्या पाण्यातील प्रतिबिंब यांपैकी काहीही वापरू नये. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे ते भाजले तरी त्या क्षणी कळत नाही. सूर्याकडे थेट पाहण्याच्या चष्म्यांसाठी असलेल्या ‘आयएसओ १२३१२-२’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा चष्मा वापरावा, किंवा पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडावी.

उन्हाने बुबुळ भाजले असेल, तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. अशा वेळी डोळे चोळू नयेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवावी, खोलीतील दिवा मंद करून बंद पापण्यांवर थंड ओली पट्टी ठेवावी. गुलाबजल किंवा कपाटातील जुने थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असेल, तर चुकीच्या वापराने काचबिंदू होण्याची भीती असते. एकाच डोळ्यात खुपत असेल, तर बहुधा कारण ऊन नसून धूळ किंवा मांजाची काचेची भुकटी असते. दृष्टी अंधूक झाली, मध्यभागी काळा डाग दिसू लागला किंवा दुसऱ्या दिवशीही दुखणे राहिले, तर नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यासाठी सण संपण्याची वाट पाहू नये.