आरोग्य मानसशास्त्राची पदवी परवडणाऱ्या खर्चात कशी शोधावी: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

मधुमेहाचे निदान होऊनही माणूस गोळ्या वेळेवर का घेत नाही, किंवा वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या बाईला ती सोडायची इच्छा असूनही का सुटत नाही, या प्रश्नांचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे आरोग्य मानसशास्त्र. बारावीनंतर या विषयाकडे वळणाऱ्यांनी प्रथम हे लक्षात घ्यावे की पदवीच्या पातळीवर नेमके हेच नाव असलेला अभ्यासक्रम क्वचितच मिळतो. मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.ए. करावे आणि आरोग्य मानसशास्त्राकडे पदव्युत्तर पातळीवर वळावे, हाच बहुतेकांचा मार्ग असतो. त्यामुळे केवळ नावासाठी खासगी विद्यापीठाला लाखो रुपये देण्याचे कारण नाही. नावासहित पदवी हवीच असेल, तर हैदराबाद विद्यापीठातील पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ची माहिती अवश्य काढावी. ते केंद्रीय विद्यापीठ आहे आणि प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो.

पत्राने शिकण्याचा स्वस्त मार्ग मात्र आता बंद झाला आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या कक्षेत मानसशास्त्र येत असल्याने, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयाचे दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश थांबवले आहेत. तरीही कोणी असा प्रवेश देऊ करत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.

खर्चाचा हिशेब हा खरा कळीचा भाग आहे. मला भेटणारे पालक बहुधा पहिल्या वर्षाचे शुल्क तेवढे विचारतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. एकाच महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असू शकतात; पेपर तेच, शुल्कात मात्र मोठी तफावत. म्हणून कार्यालयात ‘मानसशास्त्राची तुकडी अनुदानित आहे का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. नंतर सर्व वर्षांचे शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, प्रात्यक्षिकाचा खर्च, वसतिगृह आणि खाणावळ अशी बेरीज कागदावर मांडावी. राधानगरी किंवा गडहिंग्लजहून येणाऱ्या मुलीसाठी एस.टी.चा सवलतीचा पास परवडतो की शहरात खोली, हे या बेरजेतूनच ठरते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे उभारली ती खेड्यातील मुलांचा राहण्या-जेवणाचा प्रश्न ओळखूनच, आणि तो प्रश्न आजही शुल्काइतकाच मोठा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांनी किंवा ऑनर्ससह चार वर्षांनी पूर्ण होते; चार वर्षांनंतर पदव्युत्तर पदवी एका वर्षात करता येते, म्हणून त्या महाविद्यालयात मानसशास्त्राचे चौथे वर्ष आहे का, हेही पाहावे.

शुल्क कमी, पण प्रयोगशाळेत मानसशास्त्रीय चाचण्यांचे संच नाहीत आणि विषयाला पूर्णवेळ शिक्षक नाही, अशी पदवी शेवटी महागच पडते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारावे की चाचण्या प्रत्यक्ष हाताळायला मिळतात का, आणि कोल्हापुरातील सी.पी.आर.सारख्या सरकारी रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात काम पाहण्याची संधी महाविद्यालय देते का. माहितीपत्रकापेक्षा ही उत्तरे मी अधिक विश्वासार्ह मानतो.

पुढे रुग्णांवर उपचार करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर केवळ एम.ए. पुरेसे नसते, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. त्या वाढीव वर्षांचा खर्च आजच्या हिशेबात धरावा.

शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. खुल्या प्रवर्गासाठीच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे. इतर प्रवर्गांच्या योजना आणि वसतिगृहासाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता वेगळा असून, आपला अभ्यासक्रम त्यांत बसतो का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात प्रवेशापूर्वीच विचारावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता त्यासाठी सेतू केंद्रात अर्ज करून ठेवावा, आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे याचीही तेव्हाच खात्री करून घ्यावी.